पिकअपची थरथर

स्मरणिकेसाठी लेख मागणारे पत्र आले, तेव्हा लाखनीच्या आमच्या अंगणात मी जुन्या पिकअपखाली पडून ग्रीस भरत होतो. म्हणून वसतिगृहाच्या आठवणींऐवजी त्या गाडीविषयीच लिहितो. शाळेचा संबंध पुढे येईलच.

धानाची पोती वाहून या गाडीने आमचे घर चालवले आहे. गेल्या उन्हाळ्यात साकोलीकडे जाताना महामार्गावर वेग ताशी ६० किलोमीटर झाला की ती थरथरू लागे. ६५ ला आसन हादरे, ७५ च्या पुढे थरथर ओसरे. मी चाकांना दोष दिला. बॅलन्सिंग केले, मागचे दोन टायर नवे घेतले. फरक शून्य. मग दोष दिला गाडीवरच्या मुलाला, कारण चाकांचे नट त्याने कसले होते. आपल्याच वसतिगृहातून तीन वर्षांपूर्वी दहावी होऊन निघालेला हा मुलगा. तो एवढेच म्हणाला, "भाऊ, शाफ्ट काढताना खूण केली होती का जी?" मी खेकसलो आणि त्याची दोन दिवसांची मजुरी कापली. तो यायचा थांबला.

एकटा पडल्यावर शाळेतली विज्ञानाची वही आठवली. तीत आधी निरीक्षण असे, मग अनुमान. मी तर अनुमान काढून पैसेही खर्चून बसलो होतो!

पहाटे रस्ता मोकळा असताना निघालो. त्याआधी उभ्या गाडीत इंजिन रेटून पाहिले, सारे शांत. ६५ ला चौथ्या गिअरमध्ये थरथर, पाचव्यातही तेवढीच. म्हणजे इंजिन निर्दोष. न्यूट्रलमध्ये गाडी वाहू दिली तरी ती होतीच. स्टिअरिंग स्थिर, कंप आसनाखालून. मागची चाके पुढे लावली, पण कंप पुढे आला नाही. शिवाय या वेगाला चाक सेकंदाला सुमारे ८ फेरे घेते, शाफ्ट त्याच्या जवळजवळ चौपट; आणि ही थरथर धडधडीची नव्हती, भुंग्याच्या गुणगुणीसारखी बारीक होती. उरला प्रोपेलर शाफ्ट.

तो काही आठवड्यांपूर्वी क्रॉस बदलण्यासाठी मीच काढला होता. कोनात फिरणारा क्रॉस शाफ्टला एका फेऱ्यात दोनदा किंचित जलद आणि दोनदा किंचित सावकाश फिरवतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ही चूक भरून काढतो, पण दोन्ही टोकांचे कान एका रेषेत असले तरच. शाफ्टचे दोन भाग खाचांवर एकमेकांत सरकतात. खूण न करता जोडताना माझ्या हातून खाच चुकली होती. खाली वाकून पाहिले, तर कान तिरके दिसत होते, नुसत्या डोळ्यांनी.

दुरुस्तीला पाऊण तास लागला. मुलाचे गाव आठ किलोमीटरवर, तिथे जायला मात्र मला तीन दिवस लागले. कापलेले पैसे त्याच्या आईसमोर त्याच्या हातात दिले आणि चूक माझी होती, असे सांगितले. तो काही बोलला नाही. परतताना शेजारी बसला, ६५ ला आसनाखालच्या पत्र्यावर तळवा टेकवून पाहिला.

"आता खूण केली का जी?"

"केली. पांढऱ्या रंगाने."