साठ वर्षं, एकच नोकरी!

पॅरिसमध्ये शॉपिंग म्हणजे गॅलरी लाफायेत! पिशव्या भरून झाल्या, की दहा मिनिटं चालत त्रिनिते चर्चला जाऊन या. आत शिरलात की मागे वळून वर बघा. दाराच्या वर भलामोठा ऑर्गन दिसेल. ऑलिव्हिए मेसियां हा संगीतकार १९३१ मध्ये, बाविसाव्या वर्षी इथे ऑर्गनवादक म्हणून रुजू झाला आणि १९९२ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्याने ही जागा सोडली नाही. दर दोन वर्षांनी जॉब बदलणाऱ्या आपल्याला हे पचायला जरा जडच, नाही का?

बरं, आयुष्य निवांत होतं असंही नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी त्याला पकडलं. गर्लिट्झच्या छावणीत, १५ जानेवारी १९४१ च्या कडाक्याच्या थंडीत त्याने आणखी तीन कैद्यांसोबत आपलं नवं क्वार्टेट सादर केलं. समोर श्रोते कोण? कैदी आणि पहारेकरी! सुटका झाल्यावर स्वारी पुन्हा याच ऑर्गनपाशी हजर.

आता खास आपल्यासाठीची गंमत. तेराव्या शतकात आपल्या देवगिरीत, यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यातल्या १२० देशी तालांची यादी मेसियांच्या हाती लागली आणि ते ताल थेट त्याच्या संगीतात शिरले. १९४९ मध्ये बोस्टनला पहिल्यांदा वाजलेल्या त्याच्या सिंफनीचं नावच ‘तुरंगलीला’!

मेट्रोने जायचं तर लाइन १२, स्टेशन त्रिनिते. निघण्याआधी ‘तुरंगलीला’ फोनवर घ्यायला विसरू नका. आणि हो, ताल मोजून बघाच!