काळी-पिवळीचे छायाचित्र

माणसाचा चेहरा प्रकाश झेलतो. मोटारीचा पत्रा तो परतवतो. लग्नकार्यांची छायाचित्रे काढण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली, त्याला हा भेद नव्याने शिकावा लागतो. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलेला फ्लॅश नवरीच्या मुखावर चालून जातो, पण मोटारीसमोर तो निरुपयोगी ठरतो. दिवे आणि नंबर प्लेट तेवढी डोळे दिपवतात आणि बाकी गाडी अंधारात बुडते. कारण साधे आहे. चकचकीत रंग हा आरसाच असतो आणि आरशाचे छायाचित्र काढताना आपण आरशाचे नव्हे, त्यात पडलेल्या प्रतिबिंबाचे चित्र काढत असतो.

म्हणून फ्लॅश कॅमेऱ्यापासून सोडवून दूर न्यायचा, हा या विद्येतील पहिला धडा. दोन फ्लॅश, त्यांना हुकूम देणारा रेडिओ ट्रिगर आणि मांडववाल्याकडून आणलेले लांबलचक पांढरे कापड एवढ्या सामग्रीवर मी तो धाराशिवच्या बाहेरील माळावर गिरवला. फ्लॅश गाडीवर रोखायचा नाही. तो कापडावर सोडायचा आणि कापडाचे प्रतिबिंब पत्र्यावर उतरवायचे. प्रकाश ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो, हा शाळेत घोकलेला नियम इथे पावलापावलाने मोजावा लागतो. कापड हातभर सरकले की दरवाजावरील पांढरा पट्टाही सरकतो.

वेळ सूर्यास्तानंतरची. बालाघाटच्या रांगेमागे आभाळात अजून निळेपणा उरलेला असतो. फ्लॅशची लकेर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपून जाते. त्यामुळे शटर १/२०० सेकंद उघडे राहो वा अर्धा सेकंद, फ्लॅशच्या उजेडात फरक पडत नाही, आभाळ मात्र उजळत जाते. छिद्र लहानमोठे केले की दोन्ही बदलतात. एकाच चौकटीत दोन निरनिराळे उजेड स्वतंत्रपणे हाती येतात, याचा मला आजही अचंबा वाटतो. आपल्या भाषेत ‘प्रकाशचित्र’ हा शब्द असूनही रुळला तो ‘छायाचित्र’च, आणि तो मला अधिक नेमका वाटतो. कुठे उजेड टाकायचा नाही, हे ठरवण्यातच निम्मी रात्र जाते.

आमच्या गल्लीतील एका चालकाने, ज्यांना सारे मामा म्हणतात, आपली काळी-पिवळी जीप विकायला काढली, तेव्हा या विद्येची खरी कसोटी लागली. तुळजापूरच्या वाटेवर नवरात्रात त्या जीपने किती भाविक वाहिले याची गणती नाही. आता गुडघे साथ देत नव्हते आणि मुलीचे शिक्षण अर्ध्यावर होते. गाडीला येणारा प्रत्येक रुपया मोलाचा होता. त्यातच डाव्या दरवाजावर ताटाएवढा पोचा होता.

पोचा संपूर्ण पांढऱ्या पट्ट्याच्या पोटात सामावला तर तो विरून जातो. पट्ट्याची कड त्याच्यावरून गेली तर ती वाकते आणि सारे उघड होते. कापड हातभर इकडे की तिकडे, एवढाच प्रश्न.

“मामा, पोचा दिसणार नाही असं करता येईल,” मी म्हणालो.

“म्हंजे लपवता येईल, असंच ना?”

“हो.”

ते थोडा वेळ दरवाजाकडे पाहत राहिले. “नको. घेणारा दिवसाउजेडी दारात येऊन बघणारच हाय की. फोटोत एक अन् दारात एक, असं झालं तर तो भावात आणखी पाडंल.”

व्यवहार म्हणून ते बोलणे चोख होते. मी कापड मागे घेतले. कड पोच्यावर आली आणि वाकली.

मग त्यांनी स्वतःसाठी, घरात लावायला म्हणून, आणखी एक चित्र मागितले. “आतली बाकडी दिसू द्या.” दुसरा फ्लॅश रुमालात गुंडाळून मी मागच्या बाकाखाली ठेवला. बाहेर काळा पत्रा आभाळाची निळाई धरून उभा होता. शटर दाबताच काचांमधून रिकामी बाकडी उजळली, झिजलेल्या रेक्झिनच्या सुरकुत्यांसह. मामांनी पडद्यावरचे चित्र दोन्ही हातांनी डोळ्यांजवळ धरले.

“कागदावर हे केवढं मोठं निघंल?” त्यांनी विचारले.