बाहुलीचा पोळा

सरकारी कारकुनाने गच्चीवर पालथे पडून बाहुलीचे छायाचित्र काढावे, हे सेवानियमांत कोठेही निषिद्ध म्हटलेले नाही. तरीही गेल्या पोळ्याच्या दिवशी शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईंनी ज्या नजरेने आमच्याकडे पाहिले, ती एखाद्या खातेनिहाय चौकशीहून सौम्य नव्हती.

भिलाईस बदलून येऊन आम्हांस चार वर्षे झाली. मुलखाबाहेर पडलेल्या माणसास सणावारी जे चुकल्यासारखे होते, ते येथे पोळ्याला मात्र होत नाही. आपल्या पंचांगाने श्रावणातली अमावास्या ती इकडच्या पंचांगाने भाद्रपदातली. पण दिवस एकच आणि बैलही तोच. त्यास येथे 'पोरा' म्हणतात. बाजारात मातीची खेळणी मांडलेली असतात. मुलांसाठी चाकांचा नांदिया बैल. मुलींसाठी जाते, चूल आणि इवलीशी भांडी. वाटणी इतकी पक्की की विचारावेही लागत नाही. विकणाऱ्या बाईने आमच्या चिरंजीवांच्या हाती बैल दिला, आठ वर्षांच्या कन्येच्या हाती चूल. कन्येने बैलाकडे बोट दाखवले. तो मुलांचा खेळ, असे सांगून बाई हसली. आम्हीही हसलो.

कन्येने वाद घातला नाही. अक्तीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, इकडची मुले मातीच्या पुतरा-पुतरीचे लग्न लावतात. ते जोडपे अद्याप आमच्या फळीवर संसार करीत होते. तिने पुतऱ्याच्या डोक्यावरचा मौर उतरवला आणि त्यास चुलीपुढे बसवले. पुतरीच्या डोक्यावर बाटलीचे पिवळे झाकण ठेवले. कारखान्यात जाणारी माणसे ती रोज पाहते. मग धाकट्याचा बैल दोन चॉकलेटांच्या बोलीवर मागून घेऊन त्याची दोरी पुतरीच्या हातास बांधली आणि आमचा फोन मागितला. उभ्याने काढलेल्या चित्रात पुतरी बोटभरच दिसे. "बाबा, तुम्ही खाली झोपून काढा, म्हणजे ती मोठी दिसेल," अशी आज्ञा झाली. आम्ही झोपलो, आणि ती खरोखरच मोठी दिसली.

हा उद्योग जगात नवा नाही. अमेरिकेत लॉरी सिमन्स नावाच्या छायाचित्रकर्तीने १९७० च्या दशकात खेळण्यातल्या स्वयंपाकघरात एकटी गृहिणी-बाहुली ठेवून तिची चित्रे काढली. बाहुली तीच, भांडी तीच. पण चित्राच्या चौकटीत आल्यावर ते घर पिंजऱ्यासारखे भासू लागले. योगायोग असा की, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत बार्बी ही बाहुली प्रथम मांडली गेली. पुढे १९९२ मध्ये तिच्या एका बोलक्या अवतारास गणित अवघड असल्याची तक्रार शिकवून ठेवण्यात आली. दुसऱ्या वर्षी काही खोडकर मंडळींनी बोलक्या बार्बीची आणि सैनिक-बाहुल्याची ध्वनियंत्रे अदलाबदल करून त्या बाहुल्या गुपचूप दुकानांत परत ठेवल्या. सैनिक नटण्यामुरडण्याच्या गोष्टी बोलू लागला, आणि बार्बी लढाईच्या. लोक हसले, परंतु हसताना ही वाक्ये मुळात तिच्या पोटात कोणी भरली, हा प्रश्न त्यांच्यापुढे आलाच असेल.

त्यासाठी इतके दूर तरी कशास जावे? भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाईंच्या लहानपणी, स्त्रीने पंडवानी गायची ती बसून, असा रिवाज होता. उभे राहून, अभिनयासह गाण्याची कापालिक शैली पुरुषांची. तीजनबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या हातचा तंबुरा क्षणात भीमाची गदा होई, क्षणात अर्जुनाचे धनुष्य. पुढे त्यांनी भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरी केली आणि २०१९ मध्ये त्यांस पद्मविभूषण मिळाले. तंबुऱ्याने आपण कोणाच्या हाती शोभतो, हे कधी विचारले नव्हते. आमच्या पुतरीचेही तसेच. चुलीपुढे असो वा बैलापुढे, तिचा चेहरा तोच. नवल वाटते ते पाहणाराला.

आम्हांसही ते वाटले आणि त्यापाठोपाठ एक जुनी गोष्ट आठवली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुराकडे तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी नंदी सजवून दारोदार नेतात आणि बोजारा मिळवतात. आम्ही दहा वर्षांचे असताना आमच्या धाकट्या बहिणीने एकदा नंदीची दोरी मागितली. 'मुलींनी आरतीचे ताट धरायचे असते,' असे तिला वडिलांनी नव्हे, आम्हीच सांगितले. तिने ताट धरले. पुढे आमची गणिते तीच तपासून देई. परंतु घरात महाविद्यालयाची फी एकाचीच निघण्याजोगी होती, आणि ती कोणाची, हे कोणी विचारले नाही. बाजारातल्या खेळण्यांसारखी ती वाटणीही ठरलेली होती. आम्ही पदवीधर होऊन कारकून झालो. ती बारावीनंतर सासरी गेली; आज दुकानाचे सारे हिशेब तिच्या हाती आहेत आणि त्यांत चूक सापडत नाही.

पुतरीचे चित्र आम्ही नातलगांस धाडले. एका मामांनी पुतऱ्याच्या हातचा चहा पिण्यास कधी येऊ, असे विचारले. रात्री बहिणीचा फोन आला.

"दादा, फोटो छान आला आहे," ती म्हणाली. मग जरा थांबून, "तिला बोजारा किती मिळाला?"

इकडे बोजाऱ्याची रीत नाही, हे उत्तर आमच्या ओठांवर आले. ते खरेही होते; पण तिने विचारले ते वेगळे होते, हे समजण्याइतके शिक्षण आमचे झाले आहे. आम्ही गप्प राहिलो. तीही राहिली.

यंदाच्या तान्ह्या पोळ्यासाठी आम्ही दोन दिवसांची किरकोळ रजा मागितली आहे. 'कारण' या रकान्यात प्रथम 'बोजारा' असे लिहिले. मग ते खोडून, कचेरीच्या शिरस्त्याप्रमाणे, 'घरगुती काम' असे लिहिले. माहेरच्या माळ्यावरचा जुना नंदी बहिणीने उतरवून घेतला आहे. दोरी धरण्यास ती आणि आमची कन्या, अशा दोघीजणी आहेत. ताट धरण्याचे काम आम्ही मागून घेतले आहे.