चिंधीचं कुंपण

आमच्याकडे धानाच्या वावराला कुंपण नसतं. लाखनीहून पालांदूरकडे जा नाहीतर सालेभाट्याकडे, बांधीला लागून बांधी आणि मधे हातभर रुंदीचा धुरा, एवढंच दिसेल. रोवणीपासून कापणीपर्यंत प्रत्येकजण आपापल्या बांध्या सांभाळतो, आणि धान निघालं की अख्खं शिवार गावच्या ढोरांचं. तारा ओढायला पैसा लागतो, आणि रानडुकराला त्या तारांचं काही वाटत नाही. अशा उघड्या वावरात शेळ्या ठेवायच्या, त्यांच्या राखणीला कुत्रं ठेवायचं, आणि त्या कुत्र्याला साखळीने न बांधता ते तिथंच राहिलं पाहिजे, असा माझ्या मोठ्या बाबांचा हट्ट होता. गावात लोक हसत. कुत्र्याला पाय असतात, ते जाईल की कुठंही!

दिवाळी, गोधन, मंडया आटोपल्या की आमच्या भागात रबाऱ्यांचे डेरे उतरतात. मूळचे कच्छकडचे हे लोक पिढ्यान्‌पिढ्या विदर्भात मेंढ्या घेऊन फिरत आहेत. उंटावर खाटा, भांडी, कोकरं, आणि मागे मेंढ्यांचा कळप. शेतकरी त्यांच्या मेंढ्या वावरात बसवून घेतात. रात्रभराच्या लेंड्या-मुताचं खत मिळतं, त्याचा मोबदला धान्यात किंवा पैशात. त्या वर्षी आमच्या बोडीच्या, म्हणजे वावरातल्या लहान तळ्याच्या, वरच्या अंगाला एक डेरा उतरला होता आणि त्यांच्या कुत्रीला पिल्लं होती. मोठ्या बाबांनी मेंढ्या बसवण्याच्या बोलाचालीतच दोन पिल्लं मागून घेतली. लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून दिली ती मादी, म्हणून ती चिंधी. दुसरा पोट सुटलेला तिचा भाऊ, त्याला पोरांनी ढोल्या केलं.

दोन्ही पिल्लं वावरातच ठेवायची होती. पण ढोल्या गोंडस होता. घरातल्या पोरांनी त्याला गावात नेला, ओसरीवर पोत्यावर निजवला, पोळीचे तुकडे घातले. "थोडा मोठा झाला का नेऊ वावरात," असं ठरलं. मोठे बाबा एवढंच म्हणाले, "मंग तो वावराचा राहणार नाई." चिंधीबाबत मात्र त्यांनी कुणाचं ऐकलं नाही. "तिले आपलं घर दाखवूच नोका. बकऱ्याइतच राहू द्या."

शेळ्यांच्या कोठ्यात त्यांनी बांबूच्या कामट्यांची ताटी उभी केली. तिला खाली अशी फट ठेवली की पिल्लू आत-बाहेर करेल, पण शेळी आत जाणार नाही. हे फार महत्त्वाचं. कळपातली एक तांबडी शेळी भारी खवट होती. पिल्लू दिसलं की शिंगावर घ्यायची. चिंधी सुरुवातीला दोन-चारदा ढुशी खाऊन त्या फटीतून आत पळाली. मग शहाणी झाली. शेळीजवळ जायचं तर खाली बसून, कान पाडून, सरपटत जायचं, हे तिचं तिनं शोधलं. तिचं खाणं कोठ्यातच: भाताची पेज, ताक, कधी शेळीचं दूध. हात लावायचा तो गोचीड काढण्यापुरता नि औषधापुरता. पोरांना तिच्याशी खेळायला सक्त मनाई. आम्हाला तेव्हा हे निर्दयपणाचं वाटे. इवलंसं पिल्लू, आणि त्याला थोपटायचं नाही!

पुढे डार्विनच्या बीगल जहाजावरच्या प्रवासाचं पुस्तक वाचताना मी चमकलो. 1833 साली उरुग्वेत त्यानं मेंढ्या राखणारे कुत्रे पाहिले. मैलोन्‌मैल घर नाही, माणूस नाही, आणि एकदोन कुत्रे कळप सांभाळताहेत. असे कुत्रे घडवण्याची रीत त्यानं विचारून लिहून ठेवली: पिल्लू लहानपणीच आईपासून वेगळं करायचं, मेंढीचं दूध पाजायचं, मेंढवाड्यातच लोकरीचं अंथरूण करायचं, दुसऱ्या कुत्र्यांत आणि मुलांत मिसळू द्यायचं नाही. मोठ्या बाबांनी डार्विनचं नावही ऐकलं नव्हतं. त्यांना हे डेऱ्यावरच्या म्हातारीनं सांगितलं होतं. शास्त्रज्ञांनी याचा उलगडा बराच नंतर केला. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर यांनी कुत्र्यांच्या पिल्लांवर वर्षानुवर्षं काम करून 1965 साली ग्रंथ लिहिला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू ज्यांच्यात वाढतं, त्यांनाच ते जन्मभर आपलं मानतं, असं त्यांना आढळलं. नेमक्या त्या आठवड्यांत आमचा ढोल्या ओसरीवर होता आणि चिंधी शेळ्यांत. पुढचं सगळं त्यातच ठरून गेलं होतं.

ढोल्या मोठा झाल्यावर त्याला वावरात नेला. दिवसभर राहायचा, शेळ्यांकडे ढुंकूनही बघायचा नाही, आणि दिवेलागणीला धुऱ्याधुऱ्यानं गावाचा रस्ता धरायचा. बांधला तर रात्रभर रडायचा, सोडला की घरी. मधे हायवे. लाखनीतला उड्डाणपूल तेव्हा झाला नव्हता, रायपूरकडचे ट्रक गावाच्या छातीवरून जात. एका पहाटे ढोल्या रस्त्याच्या कडेला सापडला. मोठे बाबा काही बोलले नाहीत. पोरांनाही कुणी रागावलं नाही.

चिंधीही काही उपजत साध्वी नव्हती. सहा-सात महिन्यांची झाली तेव्हा तिच्या अंगात आलं. करडांच्या मागे धावायची, त्यांचे कान धरायची, एकाची शेपटी रक्ताळली. गावात दोघांनी सल्ला दिला, हाकला तिला, हे कुत्रं रक्ताला चटावलं. मोठ्या बाबांनी तिच्या गळ्यात लोढणं अडकवलं: बाभळीचा ओंडका, पुढच्या पायांच्या गुडघ्यापर्यंत लोंबणारा. चालता येई, धावायला गेलं की ओंडका पायांवर आदळे. खट्याळ ढोरांना घालतात तेच. रुमानियातले मेंढपाळही आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात असंच लाकूड अडकवतात, हे मला नंतर कळलं. चिंधी आठवडाभर लोढण्याशी भांडली, मग तिला धावण्याची गरजच वाटेना. करडं मोठ्या शेळ्यांपासून वेगळी ठेवली आणि तिला त्या खवट तांबडीच्या हवाली केली. वर्षाच्या आत वेड उतरलं. मारलं असतं तर ती गेली असती, असं माझं मत आहे. त्या वयात हाकललेली किती चांगली कुत्री गावोगाव उकिरड्यावर असतील!

हद्दीचं शिक्षण याच काळात झालं. संध्याकाळी शेळ्या कोठ्याकडे वळवताना मोठे बाबा सरळ येत नसत. बोडीच्या पाळीवरून, पळसापाशी वळून, मोहाच्या बुंध्याला वळसा घालून चारही धुरे चालायचे. शेळ्या पुढे, चिंधी त्यांच्यात. ती शेजाऱ्याच्या बांधीत उतरली तर हाक मारायची नाही, दगड मारायचा नाही. शेळ्या घेऊन उभं राहायचं. शेळ्या येत नाहीत असं पाहून ती आपणहून परत येई. काही महिन्यांनी ती पळसापर्यंत जायची, बुंध्यावर मुतायची, पलीकडचा वास घ्यायची आणि मागे फिरायची.

मात्र ती जमिनीची हद्द शिकली, असं मला वाटत नाही. उन्हाळ्यात शेळ्या गावतलावापलीकडे पाल्याला जात, तेव्हा ती पळस ओलांडून खुशाल त्यांच्याबरोबर जायची. मोठे बाबा गावात निघाले तर मात्र पळसापर्यंत पोचवून परत. तिचं कुंपण शेळ्यांचंच होतं, आणि ते चालतंफिरतं होतं. डार्विननं एक गमतीची गोष्ट लिहिली आहे: मेंढ्यांचा कुत्रा एकटा घराकडे आला की घरची कुत्री त्याचा पाठलाग करतात, पण तो कळपात पोचला की उलटा फिरतो आणि तीच कुत्री धूम ठोकतात. तलावाच्या पाळीवर हे मी डोळ्यांनी पाहिलं. गावातली चार कुत्री चिंधीवर धावून आली, ती शेपूट घालून पळाली, आणि शेळ्यांत शिरताच वळून अशी उभी राहिली की चौघं जागच्या जागी थांबली.

तिचं सगळ्यात आठवणारं रूप मात्र राखणीचं नाही. पुसातल्या एका रात्री ती खवट तांबडी व्याली. एरवी जवळ फिरकू न देणारी शेळी आडवी पडून कण्हत होती आणि चिंधी तिच्या मागे हातभर अंतरावर पोटावर बसून होती. कंदिलाच्या उजेडात तिचं नाक तेवढं हलत होतं. पहिलं करडू पडलं. तांबडीनं ते चाटायला घेतलं. दुसरं पडलं ते पांघरुणातच, आणि शेळी पहिल्यात गुंतलेली. चिंधी सरपटत पुढे झाली, त्याच्या तोंडावरचं पातळ कातडं चाटून काढलं, करडू शिंकलं. तांबडीनं मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि चक्क पुन्हा आपल्या कामाला लागली. वार पडल्यावर ती चिंधीनं खाल्ली. कोल्ह्याला वास लागू नये म्हणून, असं मोठे बाबा म्हणत. मला वाटतं, तिला भूक लागली होती.

आमच्या भागाला नागझिऱ्याचं जंगल जवळ. 2013 साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, त्याच सुमारास कोका अभयारण्यही. बिबट बांध्यांपर्यंत येतो. आणि बिबटाला कुत्र्याची भीती नसते, कुत्रं हे त्याचं खाद्य आहे. अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबानं सुमारे 39 टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. म्हणून एकटं कुत्रं बिबट्याला हुसकावून लावतं, या शौर्यकथा मला खऱ्या वाटत नाहीत. चिंधीनं तसं काही केलं नाही. बिबट आला त्या रात्री ती कोठ्याच्या दाराशी पाठ लावून उभी राहिली, एक पाऊल पुढे गेली नाही, आणि भुंकली मात्र अशी की मोठे बाबा जागलीच्या मचाणावरून टॉर्च आणि टिनाचा डबा घेऊन खाली आले. सकाळी बोडीच्या ओल्या कडेला पंजे दिसले. राखणीच्या कुत्र्याचं काम एवढंच: माणूस जागा होईपर्यंत वेळ काढणं. हिमाचलातले गद्दी आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात. मोठ्या बाबांनीही दुसऱ्या दिवशी लाखनीच्या लोहाराकडून तसा करवून घेतला.

तिला एकदाच पिल्लं झाली. ती माजावर आली तेव्हा गावभरची कुत्री कोठ्याभोवती जमली, शेळ्या बुजल्या, म्हणून पिल्लांनंतर मोठे बाबा तिला नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेऊन शस्त्रक्रिया करून आले. परत आल्यावर गाडीतून उतरली ती थेट कोठ्यात. तिच्या पिल्लांतली एक मादी ठेवली. तिला ना ताटी लागली, ना धुऱ्यावरचे फेरे. आई जिथं वळायची तिथं ती वळायची. म्हातारपणी चिंधीला कमी दिसायला लागलं, तरी शेळ्यांच्या मागे वासावर चालायची. चैतात, दुपारच्या वेळी, ती मोहाखाली गेली. मोठे बाबा तेव्हा नव्हते. त्यांच्या पोरानं तिला पळसाजवळ पुरलं.

अजूनही धान निघाल्यावर डेरे उतरतात आणि त्यांच्याकडे पिल्लं असतात. एखादं आणायचं असेल तर ते घरी न नेता थेट गोठ्यात न्या. आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन रेबीजबरोबर डिस्टेंपरचीही लस वेळच्या वेळी टोचून घ्या. डिस्टेंपर कुत्र्यांपासून जंगली जनावरांत जाऊ शकतो. टांझानियातल्या सेरेंगेटीत 1994 साली त्यानं जवळपास एक तृतीयांश सिंह मारले, आणि 2018 साली गीरच्या सिंहांतही तो सापडला. आपली वावरं नागझिऱ्याला लागून आहेत, आणि मधे कुंपण नाही.