गाठ केवढी, गाठीत कोण

परळच्या कॅन्सर वॉर्डांत ज्यांनी नोकरीची वर्षं काढली, त्यांना ती बाटली नक्की आठवत असेल. रुंद तोंडाची, फॉर्मालिनने भरलेली, आणि तळाशी तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा. बायोप्सी झाली की बाटली नातेवाइकाच्या हाती दिली जायची. तो ती दोन्ही हातांनी सरळ धरून, गर्दीतून वाट काढत, पॅथॉलॉजीच्या खिडकीपर्यंत न्यायचा. मग रिपोर्टची वाट बघणं. सगळा आजार त्या एका तुकड्यावरून ओळखायचा, आणि सुई दोन बोटं पलीकडे गेली असती तर काय दिसलं असतं हे कोणालाच सांगता यायचं नाही.

एक्स-रे फिल्मची आठवण मात्र गोड आहे. डार्करूममधून ओली फिल्म क्लिपला लटकवून आणायची आणि व्ह्यू बॉक्सवर लावायची. सर मेणाच्या पेन्सिलीने गाठीला कडा काढायचे, पट्टी लावायचे, मागची फिल्म शेजारी धरायचे. भोवती शिकाऊ डॉक्टर, आम्ही तंत्रज्ञ, आणि कधीकधी दाराशी घुटमळणारा पेशंटचा भाऊसुद्धा. गाठ कमी झाली असली तर ते सगळ्यांना एकदमच दिसायचं. आज जो तो आपापल्या स्क्रीनसमोर असतो. त्या एकत्र उभं राहण्याची मला अजून हुरहूर लागते.

पण तेव्हा आमचा प्रश्न एकच होता: गाठ केवढी? २००० साली आलेल्या ‘रेसिस्ट’ निकषांनीही तेच पक्कं केलं. गाठींच्या लांबीची बेरीज वीस टक्क्यांनी वाढली की आजार वाढला. केमोथेरपीला हे चालून गेलं. मग २०११ मध्ये अमेरिकेत इपिलिमुमॅब या, शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच चेतवणाऱ्या औषधाला मान्यता मिळाली आणि हिशेबच फिसकटला. काही पेशंटांची गाठ औषधानंतर आधी फुगायची, मग ओसरायची. कारण शरीराच्याच टी-पेशी लढायला तिथे गोळा झालेल्या असायच्या. पट्टीला शत्रू आणि आपली माणसं यांतला फरक कळत नाही. म्हणूनच २०१७ च्या ‘आय-रेसिस्ट’ने सांगितलं, वाढ दिसली तरी चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा बघा. ते आठवडे घरच्यांनी कसे काढायचे, याला निकष नाही.

२००२ मध्ये परळच्याच रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये देशातला पहिला पेट स्कॅनर आला, तेव्हा वाटलं, आता सगळं उजेडात येणार. पण पेटसाठी टोचलेली किरणोत्सारी साखर कॅन्सरच्या पेशी खातात तशा चवताळलेल्या प्रतिकारपेशीही खातात. आपल्याकडे तर टीबीच्या गाठीही तशाच चमकतात.

आता प्रश्न बदलला आहे: गाठीत कोण आहे? टी-पेशींवरच्या सीडी-८ या खुणेला चिकटणारा प्रतिपिंडाचा छोटा तुकडा घ्यायचा, त्याला किरणोत्सारी झिर्कोनियम-८९ जोडायचं आणि शिरेतून द्यायचा. त्याची किरणं साधारण सव्वातीन दिवसांत निम्मी होतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशीही निवांत स्कॅन करता येतो. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधल्या नीता पंडित-टास्कर आणि सहकाऱ्यांनी माणसांवरचे असे पहिले स्कॅन २०२० मध्ये प्रसिद्ध केले. प्लीहा उजळते, अस्थिमज्जा उजळते, आणि टी-पेशी पोहोचल्या असतील तर गाठही. सुई नाही, बाटली नाही, आणि एका तुकड्याऐवजी सगळं शरीर एकदम.

त्याआधी २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या गटाने अटेझोलिझुमॅब या प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या औषधालाच झिर्कोनियम जोडून २२ पेशंटांत ते कुठे जातं ते पाहिलं. एकाच माणसाच्या दोन गाठींत ते कमीजास्त पोहोचत होतं. औषध लागू पडेल का, याचा अंदाजही बायोप्सीच्या तपासण्यांपेक्षा या चित्रावरून चांगला आला. माझ्या मते त्या बाटलीला मिळालेलं हे सर्वांत थेट उत्तर आहे.

हे स्कॅन अजून मुख्यतः संशोधनातच आहेत. पण गरज इथेही तेवढीच आहे. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये तोंडी औषधांच्या जोडीला निव्होलुमॅब या अशाच औषधाचा फक्त २० मिलिग्रॅमचा डोस दर तीन आठवड्यांनी दिला, आणि वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ वर गेलं. उरलेल्यांच्या गाठींत टी-पेशी पोहोचल्याच नव्हत्या का? हे विचारायला आता साधन आहे. झिर्कोनियम-८९ सायक्लोट्रॉनमध्ये यिट्रियमपासून बनतं, आणि देशातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन परळलाच बसलं होतं. या कामाची सुरुवातही तिथूनच व्हावी.