हुलग्याची लाज

हुलगा म्हणजे जनावरांचं धान्य, अशी माझी लहानपणापासूनची पक्की समजूत. माहेरी बैलांसाठी हुलगे शिजायला लागले की त्या उग्र वासाने मी नाक दाबून पळायचे. लग्नानंतर संगमनेरच्या सासरी थंडीत रात्री हुलग्याचे शेंगोळे करतात हे कळलं, तेव्हा तोंडाने काही बोलले नाही. मनात मात्र त्या घराची पायरी ठरवून टाकली.

पुढे आम्ही शहरात आलो. सासूबाई दर हिवाळ्यात हुलग्याचं पीठ पाठवायच्या. ते डब्यात पडून राहायचं, अळ्या झाल्या की मी टाकून द्यायचे आणि फोनवर ‘छान झाले शेंगोळे’ म्हणून सांगायचे. आमचं थंडीतलं हलकं, पौष्टिक जेवण म्हणजे पाकिटातलं सूप आणि भाजलेला ब्रेड. झोपायच्या आधी सगळ्यांना पुन्हा भूक लागायची.

नवऱ्याच्या तपासण्या झाल्या आणि जेवणात प्रथिनं वाढवायला सांगितलं गेलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये काढलेले अन्नघटकांचे तक्ते मी चाळत बसले. 100 ग्रॅम हुलग्यात जवळपास 22 ग्रॅम प्रथिनं, कणकेच्या साधारण दुप्पट! आनंद व्हायला हवा होता. वाटली ती लाज. हुलगा पौष्टिक असतो हे सासूबाई इतकी वर्षं सांगत होत्या, ते मला छापील आकडा दिसल्यावर पटलं. त्यांच्या शब्दाला मी किंमतच दिली नव्हती.

त्या डिसेंबरात त्या आल्या तेव्हा मी म्हटलं, “आई, मला शेंगोळे शिकवा ना.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “अगं, करत होतीस ना इतके दिवस?”

मला उत्तर देता आलं नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. परातीत पीठ घेतलं, लसूण-मिरची-जिऱ्याचं वाटण, ओवा, हळद, मीठ आणि तेल घालून घट्ट मळलं. एक गोळा माझ्या हातात दिला. “बारीक वळ. जाड झाले की आत कच्चे राहतात.” दोघी समोरासमोर बसून वळत राहिलो. माझे तुटायचे, त्या ते न बोलता जोडून घ्यायच्या. भरपूर लसणाच्या फोडणीत पाणी घातलं, खळखळ उकळी आल्यावरच शेंगोळे सोडले, रस्सा दाट व्हायला थोडं पीठ कालवून लावलं. एका पातेल्यात सगळं जेवण तयार.

“गरिबीत हेच खायचात ना?” मी शेवटी विचारलंच.

“गरिबीत माडगं असायचं, पिठलं असायचं. तूरडाळ कुठली परवडायला! पण शेंगोळे थंडीतलेच. उन्हाळ्यात हुलगा गरम पडतो, तेव्हा कोण करतंय?”

मी ज्याला नाइलाज समजत होते, त्यात ऋतू पाहून केलेली निवड होती. त्या घराला काय कळतं, हे मी न विचारताच ठरवलं होतं. त्या रात्री वर कच्चं तेल आणि लिंबू घेऊन सगळे पोटभर जेवले.

आता थंडीत आठवड्यातून एकदा तरी शेंगोळे होतात, पीठ संपलं की मीच मागवते. तरीही पाहुणे येणार म्हटलं की माझा हात अजून पनीरकडेच जातो.