आजोबांचा काडतुसांचा पट्टा

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. माझ्या मुलाला सुटी संपवून पुण्याला परतायचं होतं आणि सोबत न्यायला हवी होती माझ्या आजोबांची, म्हणजे त्याच्या पणजोबांची, खाकी कॅनव्हासची झोळी. आजकाल जुन्याची फॅशन आहे म्हणे. पद्मनाभपुरातल्या आमच्या घराच्या माळ्यावरून ट्रंक उतरवली, झोळी उन्हात झटकली. धूळ पडली, एक मोडकी शिट्टी पडली, आणि अस्तराच्या आत काहीतरी टणक हाताला लागलं. शिवण उसवून पाहिलं, तर काडतूस. न उडालेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हीच झोळी रायपूरच्या माना विमानतळावर तपासणीच्या यंत्रातून जाणार होती. माझे हातपाय गार पडले. अशी विसरलेली काडतुसं विमानतळांवर सापडतात, हे आपण बातम्यांत वाचतो. परवाना नसताना एक जिवंत काडतूस जवळ असणं हासुद्धा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. मग तिथे "पणजोबांची झोळी आहे हो" हे सांगत बसायचं कुणाला?

आणि गंमत अशी, की काडतूस कसं बाळगावं यावर आमच्या आजोबांइतकं बोलणारा माणूस दुर्ग-भिलाईत दुसरा नसेल.

भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता, तेव्हा ते नोकरीसाठी विदर्भातून इकडे आले. १९५९ मध्ये पहिली भट्टी सुरू झाली, त्याच सुमारास त्यांनी बारा बोअरची दुनळी बंदूक घेतली. तेव्हा वनखात्याचा परवाना काढून शिकार करता येत असे. बालोदच्या पलीकडे, दल्ली-राजहराच्या बाजूचं जंगल त्यांच्या पायाखालचं होतं. सोबतीला त्यांचे मितान. छत्तीसगढात दोन माणसं विधीपूर्वक मैत्र बांधतात, मग ती आयुष्यभर एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत, 'मितान' म्हणतात. आजोबांचे मितान गोंड होते. आम्ही मुलंही त्यांना मितानबाबाच म्हणायचो.

जादा काडतुसं न्यायची कशी, यावर आजोबांचं ठाम मत होतं. खिशात नाही, झोळीत नाही, कमरेच्या पट्ट्यातच. खिशात काडतुसं किल्ल्यांवर आपटतात, घामाने भिजतात, आणि बसलं की मांडीला टोचतात. तेव्हाच्या काडतुसांची नळी कागदाची असायची. ओल लागली की ती फुगे, मग ते काडतूस बंदुकीत अर्धं जाऊन अडे.

पट्टा कातडी, पंचवीस घरांचा. पूर्ण भरला की सव्वा किलोच्या आसपास वजन कमरेला. पण पट्ट्यालाही खोडी होत्या. कातडं जुनं झालं की घरं सैल पडतात आणि पळताना काडतूस कुठे गळालं ते कळत नाही. शिवाय कमावलेल्या कातड्यात पितळ महिनोन्‌महिने राहिलं की त्यावर हिरवा थर चढतो. आजी म्हणायची, "पितळेच्या भांड्यात ताक कळकतं ना, तसंच हे." म्हणून शिकारीहून आल्यावर पट्टा रिकामा करायचा, काडतुसं पुसून डब्यात ठेवायची आणि डबा कुलपात. हे काम आजी स्वतः करायची, कारण घरात आम्ही पोरं होतो.

भरण्याचीही रीत होती. डाव्या बाजूला पाखरांसाठी बारीक छऱ्यांची, उजवीकडे डुकरासाठी मोठ्या छऱ्यांची आणि गोळीची. मध्ये एक घर मुद्दाम रिकामं. अंधारात बोटांना ते रिकामं घर लागलं की कळायचं, इथून पुढे जड माल. मला ती युक्ती अजून आवडते. मसाल्याच्या डब्यात मीही एक वाटी रिकामी ठेवते, का ते विचारू नका.

हे सगळं पाल्हाळ आजोबा का लावायचे, त्याला एक कारण होतं. एकदा पहाटे हरियलांच्या मागे असताना त्यांच्या पट्ट्यातली बारीक छऱ्यांची काडतुसं संपली. कारखान्यातला एक सोबती बरोबर होता. त्याने कोटाच्या खिशात हात घालून एक काढून दिलं. आजोबांनी न बघता भरलं, चाप ओढला. नुसती खट्ट. बंदूक उघडली तर घर रिकामं. त्यांना वाटलं, घाईत भरायचंच राहिलं. दुसरं हातात घेतलं, तोच मितानबाबांनी त्यांचं मनगट धरलं आणि विचारलं, "आधी घातलेलं खाली पडलेलं मी पाहिलं नाही. ते कुठे गेलं?"

नळी उजेडाकडे धरली. पलीकडचं काही दिसेना. त्या सोबत्याकडे घरी वीस बोअरची बंदूक होती आणि त्याच्या खिशात दोन्ही जातींची काडतुसं एकत्र होती. बोअरचा हिशेब उलटा असतो. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. वीस केल्या तर गोळी लहान, म्हणून वीस बोअरची नळी अरुंद. ते लहान काडतूस बारा बोअरच्या घरातून पुढे सरकतं आणि नळीच्या तोंडाशी जाऊन रुततं. मागचं घर रिकामं दिसतं. त्यामागे बारा बोअरचं भरून बार काढला, की नळी फुटते, आणि डावा हात नेमका तिथेच असतो. आता बहुतेक ठिकाणी वीस बोअरची काडतुसं पिवळी करतात, ती याच भीतीने.

आजोबांनी बंदूक तशीच उघडी ठेवून घरी आणली. अडकलेलं काडतूस रायपूरच्या एका कारागिराने काढून दिलं. ते आम्हाला दाखवायला त्यांनी कित्येक वर्षं ठेवलं होतं. पुढे ते दिसेनासं झालं.

त्यानंतर आजोबा पट्ट्यात दहाच काडतुसं नेत. म्हणायचे, "पट्टा भरलेला असला की बोट सैल होतं." यात त्यांना जरा अभिमानही होता. मला तो पूर्ण पटत नाही. आपल्याच छत्तीसगढातल्या कोरियाच्या महाराजांनी १९४७ मध्ये एका रात्री तीन चित्ते मारले, तेही दोन गोळ्यांत. दुसरी गोळी एकाच्या आरपार जाऊन मागच्याला लागली, अशी नोंद आहे. देशातल्या चित्त्यांची ती शेवटची नोंद मानतात. १९५२ मध्ये चित्ता भारतातून संपल्याचं जाहीर झालं. काडतुसं कमी नेली म्हणून जनावर वाचतं असं नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आला तेव्हा आजोबा चिडले होते. मितानबाबा मात्र एवढंच म्हणाले, की हरियल हल्ली दिसत नाहीत. त्यानंतर पट्टा खुंटीवर गेला तो गेलाच.

आजोबा गेल्यावर बाबांनी बंदूक आणि डब्यातली काडतुसं रीतसर जमा केली होती. झोळी कुणी तपासली नाही. आता हे एक राहिलं होतं. मी बुडाकडे पाहिलं. पितळ हिरवं पडलं होतं, तरी आकडा वाचता आला. वीस.

मुलगा म्हणाला, "शिवनाथ नदीत टाकून देऊ." मी नाही म्हटलं. पाण्यात टाकलेलं उद्या कुणा पोराच्या जाळ्यात येईल. कचऱ्यात टाकलं तर कचरा पेटवतात. काडतूस रुमालात गुंडाळलं, ठाण्यात आधी फोन केला, आणि आजोबांच्या जुन्या परवान्याची झेरॉक्स, त्यांचा मृत्यूचा दाखला घेऊन आम्ही दोघं गेलो. तिथल्या साहेबांनी काडतूस उलटसुलट करून पाहिलं, अर्ज लिहून घेतला. "बारा बोअरचा परवाना आणि काडतूस वीसचं?" त्यांनी विचारलं. मग मला ती पहाटेची सगळी गोष्ट सांगावी लागली. मितानबाबांनी मनगट धरलं तिथे ते लिहायचे थांबले.

पोच मिळाली: एक नग काडतूस, जुने. मुलगा नवी सॅक घेऊन पुण्याला गेला. झोळी धुऊन वाळत घातली आहे, पुढच्या वेळी नेईन म्हणाला.